गळपट्ट्याला हात लावला की मोती गुरगुरतो

पत्र : आमचा मोती गावठी आहे. वय सहा वर्षं, वजन १८ किलो, नसबंदी झालेली. आजवर घरात कुणावर दात विचकले नाहीत त्याने. गेले बारा दिवस मात्र वेगळंच चाललंय. फिरायला न्यायचं म्हणून गळपट्ट्याला हात घातला की गुरगुरतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिन्याशी येऊन नुसता उभा राहतो. दोनदा हॉलमध्ये लघवी केली. भाकरीचा तुकडा तोंडात घेतो आणि खाली टाकतो, दूधभात मात्र खातो. रात्री उठून फेऱ्या मारतो. परवा सात वर्षांच्या नातवाने गळ्यात हात टाकला तर हवेत दात वाजवले. लागलं नाही, पण पोरगं घाबरलं. यजमान म्हणतात दोन ठेवून द्या, डोक्यावर बसलाय. एक ट्रेनर म्हणाला, त्याला उताणा पाडून धरा म्हणजे मालक कोण ते कळेल. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. अंग दुखत असेल म्हणून एकदा पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. रेबीजची लस दोन वर्षांपूर्वी झाली असावी, कार्ड सापडत नाही. काय करावं? – एक वाचक, सातारा

ताई,

दृष्ट काढलीत त्याचं काही नाही, मिरच्यांचा धूर मोतीच्या नाकाशी गेला नाही म्हणजे झालं. पण ठेवून देणं आणि उताणा पाडणं, दोन्ही आजपासून बंद. सहा वर्षं शांत असलेलं कुत्रं बारा दिवसांत मालक व्हायला निघत नाही. इतक्या झटपट बदल झाला की आधी शरीर तपासायचं आणि स्वभावाचा विचार नंतर करायचा. तुमच्या पत्रात तर दुखण्याच्या खुणा एकापाठोपाठ एक आहेत: पट्टा, जिना, भाकरी, नातवाची मिठी. चारांपैकी तीन ठिकाणी मान किंवा जबडा आलाच.

त्याआधी रेबीजचं बोलून टाकू, कारण लसीचं कार्ड सापडत नाही आणि घरात लहान मूल आहे. गेल्या काही महिन्यांत मोतीला भटकं कुत्रं, मुंगूस, माकड असं काही चावलं होतं का, ते आठवा. रेबीजमध्येही सुरुवातीला असंच होतं: कोपऱ्यात लपणं, चिडचिड, अन्न तोंडातून पडणं. पुढे आवाज घोगरा होतो, लाळ गळते, जबडा लोंबतो, चाल लटपटते. एकदा लक्षणं दिसली की कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत जातं. बारा दिवस होऊनही मोती पाणी पितोय, दूधभात गिळतोय, तुम्हाला ओळखतोय. हे सगळं दिलासा देणारं आहे. तरीही शिक्कामोर्तब डॉक्टरांनीच करायचं. तोवर एक पक्कं: घशात हाड अडकलं असेल म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. जबडा लोंबणारा रेबीज नेमका हाड अडकल्यासारखा दिसतो आणि माणसं तिथेच फसतात.

नातवाचं अंग उजेडात नीट पाहा. दाताचा ओरखडा असेल, रक्त न आलेला का असेना, किंवा लाळ ताज्या जखमेला, डोळ्याला, ओठांच्या आत लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा (डोळा आणि तोंड नुसत्या पाण्याने), जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि आजच सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. कातडीत घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. जखमेतून रक्त आलं असेल किंवा लाळ डोळ्या-तोंडात गेली असेल, तर जोडीला सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ‘दहा दिवस कुत्र्याकडे बघू आणि मग ठरवू’ असं करायचं नाही. लस सुरू करून मग बघायचं. कातडीला काहीच लागलं नसेल तर प्रश्न मिटला.

आता मोतीकडे वळू. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात काही गोष्टी पाहून ठेवल्यात तर त्यांचं निम्मं काम होईल. मोती बोलणार नाही, आणि दवाखान्याच्या टेबलावर बहुतेक कुत्री घाबरून दुखणं लपवतात.

भाकरीपासून सुरू करा. त्याचं ताट आज जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा स्टुलावर, त्याच्या छातीच्या उंचीला ठेवा आणि त्यात भाकरीच द्या. मान न वाकवता त्याने ती नीट चावून खाल्ली तर संशय मानेवर जातो. उंचावरही तुकडा तोंडातून टाकला, डोकं एका बाजूला कलतं करून चघळला, पण तीच भाकरी दुधात कुस्करून दिल्यावर चाटूनपुसून खाल्ली, तर संशय दातावर. वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ बाहेरच्या बाजूने कपच्यासारखी उडते. मटणाचं नळीचं हाड किंवा दगड चावायची सवय असलेल्या कुत्र्यांत हे वारंवार दिसतं. त्या दाढेच्या मुळाला पू झाला की डोळ्याखाली सूज येते, तीही पाहा. बघायची म्हणजे लांबून, तो जांभई देईल तेव्हा. ओठ उचकटायला जाऊ नका.

कान जवळून नुसते हुंगा. कुबट वास, तपकिरी मळ, डोकं सारखं झटकणं, एका बाजूला कललेलं डोकं यातलं काही असेल तर कानाचा संसर्ग. गळपट्टा ओढताना कानाच्या बुडाशी दाब येतो, म्हणून कान दुखणारं कुत्रंही पट्ट्यावर गुरगुरतं. कोमट तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही कानात टाकू नका. पडदा फाटलेला असला तर औषध थेट आतल्या कानापर्यंत जातं.

लघवी कुठे आणि कशी केली, यावर बरंच ठरतं. दाराजवळ मोठं थारोळं असेल तर बिचाऱ्याला जायचं होतं पण जिना उतरवेना, इतकं सरळ आहे. झोपलेल्या जागीच अंथरूण ओलं होत असेल आणि त्याला पत्ताच नसेल, तर मणक्यातून मूत्राशयाला जाणाऱ्या नसांचा विचार करावा लागतो. थोडी थोडी, वारंवार, जोर लावून करत असेल तर मूत्रमार्ग. आणि पाणी मोजा. सकाळी मापाच्या बाटलीने दोन लिटर पाणी भांड्यात घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटरच्या आत-बाहेर पाणी लागतं. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे मोतीच्या बाबतीत १८०० मिलिलिटरच्या पुढे गेलं, तर मूत्रपिंड आणि मधुमेह तपासलेच पाहिजेत. दूधभातातलं दूधही या हिशोबात धरा.

गोचीड शोधा. सातारा असो की सोलापूर, पावसाळ्यानंतर कुत्रं एकदम मलूल आणि चिडकं झालं की गोचीडतापाची (गोचीड चावून रक्तात जंतू शिरतात, त्या आजाराची) शंका पहिल्या तीनांत असायलाच हवी. पट्ट्याखाली, कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत पाहा. आज एकही सापडली नाही म्हणून सुटलात असं नाही. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, तोवर गोचीड रक्त पिऊन गळून गेलेली असते. या आजारात सांधे आणि स्नायू दुखतात, त्यामुळे जिना नको होतो आणि हात लावलेला खपत नाही. हिरड्या फिकट पडणं, पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, किंवा कोऱ्या चहासारखी गडद लघवी, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ वर ओढून. रॉकेल ओतायचं नाही आणि नखावर चिरडायची नाही.

ताप पाहायचा तर डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, म्हणजे माणसाचा ताप तो कुत्र्याचा निरोगीपणा. १०३ च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन. नाक गार आहे की कोरडं, यावरून ताप कळत नाही. अर्थात शेपटीला हात लावताच मोती गुरगुरणार असेल तर हे काम दवाखान्यावर सोडा.

या सगळ्यासोबत मोबाइलवर व्हिडिओ घ्या: जिन्यापाशी उभा राहतो तो, खाली बसताना आणि उठतानाचा, बाजूने चालतानाचा, रात्रीच्या फेऱ्यांचा. प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. मान दुखणारं कुत्रं हाक मारल्यावर डोकं न वळवता सगळं अंग वळवतं; हे व्हिडिओत झटकन कळतं. रात्री गाढ झोपेत असताना छाती मिनिटात किती वेळा वर-खाली होते, तेही मोजून ठेवा. ३० च्या आत असायला हवं.

दवाखान्यात सांगायची पहिली गोष्ट म्हणजे पॅरासिटामॉल. तारीख, वेळ, किती मिलिग्रॅमची गोळी. ५०० ची अर्धी गोळी १८ किलोच्या कुत्र्याला मारक नाही, काळजी करू नका, पण पुन्हा देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर घरातल्या डब्यातून कधीच नको. कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. (डायक्लोफेनॅक जनावरांना देण्यावर आपल्याकडे २००६ पासून बंदीच आहे, तीही गिधाडं मेली म्हणून.) आधीच्या गोळ्या लपवल्या आणि डॉक्टरांनी वर स्टेरॉइड दिलं, तर दोन्हींच्या मेळाने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून काही दिलं असेल ते लाज न बाळगता सांगायचं.

तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला थेंब) मागून घ्या. नुसत्या मशीनच्या आकड्यावर राहू नका. नळीत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटल्या तर मशीन खोटाच कमी आकडा देतं. काचेवरच्या थेंबात ते कळतं. उलट स्मिअरमध्ये जंतू दिसला नाही म्हणून गोचीडताप नाही, असंही नसतं. प्लेटलेट दोन लाखांच्या खाली आणि लक्षणं जुळत असतील तर किटवरची किंवा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी करावी. त्यासोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एएलटी (यकृतासाठी), साखर आणि लघवीची साधी तपासणी. मानेचा एक्स-रे काढला आणि तो स्वच्छ आला तर ‘काही नाही’ असं ऐकून घरी येऊ नका: मणक्यांमधली गादी सरकलेली एक्स-रेत दिसत नाही, फार तर अंतर कमी झालेलं दिसतं. अशा वेळी डॉक्टर हाताने मान सगळीकडे वळवून पाहतात, पंजा उलटा ठेवून कुत्रं तो किती पटकन सरळ करतं ते बघतात. आणि सगळे रिपोर्ट स्वच्छ आले तरी एक रास्त मार्ग उरतो: कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक एक-दोन आठवडे डॉक्टरांच्या डोसने देऊन वागणं बदलतं का पाहणं. गोळीवर जिना चढायला लागला तर दुखणं होतं, हे सिद्ध झालं. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या दवाखान्यात थांग लागला नाही तर तिथे दाखवायची चिठ्ठी मागा.

गोचीडताप निघाला तर बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. दोन-तीन दिवसांत कुत्रं शेपटी हलवायला लागतं आणि लोक गोळी बंद करतात. मग आजार दबा धरून बसतो. गोळी कोरडी भरवायची नाही, ती अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण होतो. घासात घालून द्या आणि वर पाणी पाजा. एकच गोष्ट, ही गोळी दुधासोबत नको, दुधातल्या कॅल्शियमने ती कमी लागू पडते. मोतीचा दूधभात तेवढे दिवस चिकनच्या अळणी पाण्यातला भात करा, कांदा-लसूण न घालता. घरही धुवावं लागेल: तपकिरी गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, दारामागे, कुंड्यांखाली. कुत्र्याला फवारून भिंत सोडली तर महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. चघळायच्या गोचीडनाशक गोळ्या चांगल्या आहेत, पण मोतीला कधी फीट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मान किंवा पाठ निघाली तर औषधापेक्षा विश्रांती मोठी. साधारण चार आठवडे उड्या, सोफा, खेळ, जिना बंद. १८ किलोचं कुत्रं दोन मजले उचलून न्यायचं तर एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागून, पाठ आडवी राहील असं. काखेत धरून उभं लोंबकळवायचं नाही. उचलतानाच दात दाखवत असेल तर चादरीची झोळी करून दोघांनी न्या. गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की दुखऱ्या मणक्याला हिसका बसतो. सतरंज्या, ज्यूटचे पायपोस, जुनी योगा मॅट, जे असेल ते त्याच्या रोजच्या वाटेवर अंथरा आणि नखं कापून घ्या.

निदान होईपर्यंत घरात कसं वागायचं, हेही तेवढंच निकडीचं आहे. गळपट्टा आजच काढा आणि छातीला बसणारा हार्नेस घ्या. तो डोक्यावरून घालायचा नको, बाजूने बकल लागणारा. हार्नेसला दीड मीटरची हलकी दोरी लावून ठेवा, म्हणजे मोतीला पलंगाखालून बाहेर काढायचं तर हात घालावा लागणार नाही. दोरीचं टोक उचला आणि चिकनचा तुकडा दोन फुटांवर टाका. कुणी घरात नसताना दोरी काढून ठेवायची, अडकते.

गुरगुरण्यावर रागावू नका. ‘पुढे येऊ नको’ हे सांगायची मोतीकडे तीच एक सभ्य रीत आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. हवेत दात वाजवले म्हणजेसुद्धा त्याचा नेम चुकला नाही, त्याने चावायचं टाळलं. कुत्र्याचं तोंड आपल्या हातापेक्षा फार वेगवान असतं. नातवाला तीन गोष्टी सांगा: मोती झोपला असेल तर लांबूनच नावाने हाक मारायची, गळ्यात हात टाकायचा नाही, आणि मोतीने तोंड फिरवलं, ओठ चाटले किंवा डोळ्याचा पांढरा भाग दाखवला की मागे सरकायचं. सात वर्षांच्या मुलाच्या लक्षात हे दिवसभर राहणार नाही, म्हणून मधे फाटक किंवा बंद दार असू द्या. ट्रेनरने सांगितलेलं उताणं पाडणं मानेत गादी सरकलेल्या कुत्र्याला केलं तर पाय लुळे पडू शकतात, हे त्यांनाही कळवा.

पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही: मागचे पाय फरफटणं किंवा पंजा उलटा टेकणं, बारा तास लघवी न होणं, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली किंवा दिवसात दुसऱ्यांदा आलेली फीट, पोट फुगून उलटीचा नुसता उमाळा येणं, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर होणं.

रात्रीच्या फेऱ्यांवरून म्हातारपणाच्या विसराळूपणाची भीती कुणी घातली असेल तर ती सोडा. तो प्रकार बहुधा नऊ-दहा वर्षांनंतर आणि हळूहळू सुरू होतो. दुखणारं कुत्रं एका कुशीवर टिकत नाही, म्हणून फिरतं. नजर मात्र तपासून घ्या: मंद उजेडात त्याच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा. आवाज होत नाही, त्यामुळे दिसलं तरच तो त्याकडे पाहील. चार-पाचदा सोडूनही पाहिलं नाही तर डोळे दाखवा. अंधूक दिसणारं कुत्रंही जिन्याशी थबकतं. आणि बारा दिवसांपूर्वी जिन्यात फटाके, ड्रिल मशीन, नवं कुत्रं असं काही घडलं होतं का, तेही घरात विचारा. नुसत्या धसक्यानेही जिना नको होतो, पण धसक्याने भाकरी तोंडातून पडत नाही.

दुखणं बरं झालं तरी हात मानेकडे येताना मोती काही आठवडे दचकेल, कारण हात म्हणजे कळ हे त्याच्या डोक्यात बसलंय. तेव्हा हार्नेस एक मीटरवर नुसता दाखवा आणि लगेच हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. पाच वेळा, दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नाही. हार्नेस दिसताच तो चिकनच्या आशेने तुमच्याकडे पाहायला लागला की अर्धा मीटर, मग जमिनीवर ठेवलेला, मग खांद्याला स्पर्श, मग बकल. कुठे अंग ताठरलं तर आधीच्या पायरीवर परत या. हे आधी तुम्ही करा, मग यजमान, नातू सगळ्यात शेवटी आणि तुमच्या देखत. रेबीजची लस डॉक्टर ‘आता तब्येत ठीक आहे’ म्हणतील त्या भेटीतच टोचून घ्या आणि नव्या कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.